जुन्या गुन्ह्याची नोंद सील होते का? अर्ज कुठे आणि कशाचा करायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराड तालुक्यातल्या एका गावात २०१७ साली यात्रेत भांडण झालं. सहा जणांवर भादंवि (जुनी भारतीय दंड संहिता) ३२४ (हत्यारानं दुखापत), ३२३ (साधी दुखापत), ५०४ (चिथावणारा अपमान), ५०६ (धमकी) सह ३४ (सगळ्यांचा समान इरादा) प्रमाणे गुन्हा दाखल झाला. पुढे गावानंच मिटवलं आणि २०२१ मध्ये सगळे निर्दोष सुटले. त्यातल्या एकाला आता पोलीस भरतीत उतरायचं आहे, मागोमाग पासपोर्टही काढायचा आहे. चारित्र्य पडताळणीच्या अहवालात मात्र 'गुन्हा दाखल, न्यायप्रविष्ट' असं आलं. बाहेरच्या देशांत जुना रेकॉर्ड सील करायला अर्ज देतात, तसा अर्ज आपल्याकडे कुठे करायचा, असं त्याला विचारायचं आहे.

प्रौढ माणसाचं गुन्हेगारी रेकॉर्ड सील करणारा कायदा आपल्याकडे नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही नाही. त्यामुळे एसपी ऑफिसच्या बाहेर कोणी 'आत ओळख आहे, नाव काढून देतो' म्हणत असेल, तर त्याला चहाही पाजू नका. गुन्हा रजिस्टरला लागलेला नंबर कोणी खोडत नाही, आणि खोडलाच तर तो वेगळा गुन्हा होतो.

पण तुमची अडचण सील करण्याची नाहीच. तुम्ही निर्दोष आहात आणि पोलिसांच्या संगणकाला ते अजून कळलेलं नाही, एवढाच मामला आहे. सीसीटीएनएस या पोलिसांच्या गुन्हे-नोंदीच्या संगणक प्रणालीत एका गुन्ह्याचे सात नमुने असतात. पहिला एफआयआरचा. मग घटनास्थळ, अटक, जप्ती, पाचवा दोषारोपपत्राचा किंवा अंतिम अहवालाचा, सहावा कोर्टाच्या निकालाचा आणि सातवा अपिलाच्या निकालाचा. पहिले पाच तपासी अंमलदार वेळेत भरतो, कारण त्याशिवाय चार्जशीट पुढे सरकत नाही. सहावा भरायची वेळ येते तेव्हा तो तपासी अंमलदार बदलून गेलेला असतो, पैरवी करणारा हवालदार एका दिवशी दहा केसेसच्या तारखा सांभाळत असतो, आणि निकालाची माहिती कोर्टातून ठाण्यापर्यंत येता येता कुठंतरी थांबते. सहावा नमुना कोरा राहिला की प्रणालीच्या लेखी खटला चालूच राहतो, मग निकालाला चार वर्षं होवोत की दहा.

म्हणून सुरुवात नक्कलेपासून करा. ज्या कोर्टात निकाल लागला तिथल्या नक्कल विभागात निकालपत्राच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज द्या. केस नंबर लागेल. हा एफआयआरचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) नव्हे, कोर्टाचा: रे.क्रि.केस (रेग्युलर क्रिमिनल केस) म्हणजे आरसीसी, किंवा समरी, म्हणजे संक्षिप्त खटला असेल तर एससीसी. नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर किंवा ॲपवर जिल्हा सातारा, कोर्ट संकुल कराड निवडून पक्षकाराच्या नावानं आणि वर्षानं शोधता येतं. एफआयआर नंबर आणि पोलीस ठाणं टाकूनही शोधता येतं, आणि हा दुसरा मार्ग जास्त खात्रीचा, कारण नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये घोळ असतो. सापडलं की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. पुढे प्रत्येक अर्जात तो घाला.

प्रती एकाच वेळी चार-पाच घ्या. एक पोलीस ठाण्याला, एक एसपी कार्यालयाला, एक पासपोर्टला, एक भरतीच्या कागदांना आणि एक घरच्या पेटीत. निकाली फाइल काही काळानं रेकॉर्ड रूमला जाते आणि त्यातले बरेच कागद मुदतीनंतर नियमांनुसार नष्ट केले जातात. फाइल नष्ट झाल्यावर साक्षीपुरावा मिळत नाही, आणि निकालपत्रात तुमच्या बाजूनं काय लिहिलं होतं हे दाखवायला तुमच्याकडे फक्त ती जुनी नक्कल उरते. निकालाच्या प्रतीसोबत फिर्यादीच्या आणि जखमींच्या साक्षीचीही नक्कल मागून ठेवा. भरतीच्या समितीपुढे ती कामाला येते. कशी, ते खाली येईल.

नक्कल हातात आली की ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला त्याच ठाण्यात अर्ज द्या. राहता पत्ता आता दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असला तरी नोंद मूळ ठाण्याचीच असते. अर्ज लांबलचक नको. साधारण असा पुरतो:

'प्रति, मा. पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे. विषय: गु.र.नं. ___/२०१७ मधील न्यायालयीन निकालाची नोंद सीसीटीएनएस प्रणालीत घेणेबाबत. महोदय, वरील गुन्ह्यात मी आरोपी क्र. ४ होतो. मा. न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग, कराड यांनी रे.क्रि.केस नं. ___/____ मध्ये दि. ______ रोजी मला निर्दोष मुक्त केले आहे. सदर निकालाविरुद्ध अपील दाखल झाल्याची नोटीस मला आजअखेर मिळालेली नाही. तरीही दि. ______ च्या चारित्र्य पडताळणी अहवालात हा गुन्हा न्यायप्रविष्ट दर्शविला आहे. निकालपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. तिच्या आधारे निकालाची नोंद अद्ययावत करून तसे मला लेखी कळवावे, ही विनंती.'

आरोपी क्रमांक लिहायला विसरू नका. एकाच गुन्ह्यात सहा जण असतात. त्यातला एखादा फरारी असतो आणि त्याच्यापुरता खटला वेगळा काढलेला असतो. अशा वेळी संगणकावर अख्खा गुन्हाच प्रलंबित दिसतो, आणि तुमचं सुटणं तुमच्या क्रमांकापुढे वेगळं नोंदवावं लागतं.

अर्ज ठाणे अंमलदाराच्या हातात नुसता देऊन यायचं नाही. बारनिशीला (आवक-जावक टेबलावर) आवक नंबर घालून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीनिशी पोच घ्यायची. तोच अर्ज, पोचेची झेरॉक्स आणि एक नक्कल जिल्हा विशेष शाखेला, म्हणजे सातारकरांनी साताऱ्याच्या आणि सांगलीकरांनी सांगलीच्या एसपी कार्यालयात द्यायची. पडताळणीचा अंतिम कागद तिथून निघतो. ठाण्यातली गोपनीय शाखा फक्त अहवाल पाठवते, आणि तो अहवाल बहुतेक वेळा स्क्रीनवर दिसेल तसाच असतो.

महिनाभरात हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जनमाहिती अधिकाऱ्याला दोनच गोष्टी विचारायच्या: या गुन्ह्यात माझ्यापुरता न्यायालयीन निकाल प्रणालीत कोणत्या तारखेला नोंदवला, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही केली. 'का केली नाही' असं विचारू नका, कारणं सांगायला ते बांधील नाहीत असं उत्तर येतं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा उत्तर लिहायची वेळ आली म्हणूनच नोंद पूर्ण केली जाते. तरीही अडलं तर उच्च न्यायालयात रिट याचिका आहे, पण या कामासाठी तिथवर जायची पाळी क्वचित येते.

नावाचा एक घोटाळा वारंवार होतो. एफआयआरमध्ये फिर्यादीनं सांगितलेलं नाव चढतं: पप्पू, बाळू, आण्णा. आधारवर नाव वेगळं, दहावीच्या प्रमाणपत्रावर तिसरंच. उलटंही होतं. गावात एकाच नावाआडनावाचे तिघं असतात आणि दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या पडताळणीत येतो. दोन्ही वेळा वडिलांचं नाव, वय आणि पत्ता यांची तुलना करून दाखवणारा अर्ज, सोबत प्रतिज्ञापत्र, आणि जमल्यास पोलीस पाटलाचा दाखला द्या. निकालपत्राच्या पहिल्या पानावर आरोपींची नावं, वयं, पत्ते असतात. ते पानच सगळ्यात मोठा पुरावा.

नोंद दुरुस्त झाली तरी प्रत्येक वेळी अहवाल 'निरंक' येईलच असं नाही. 'गुन्हा दाखल होता, निर्दोष मुक्त' असं येऊ शकतं आणि ते चूक नाही. खाजगी कंपनीच्या कामाला सहसा एवढं पुरतं. पोलीस भरतीला पुरेल का, हे निकालपत्रातल्या दोन-चार ओळींवर ठरतं.

कलम ३२३, ५०४, ५०६ तडजोडीला बसतात. ३२४ बसत नाही. पूर्वी बसायचं, २००९ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनंतर ते तडजोडीच्या यादीत राहिलं नाही. त्यामुळे गावानं मिटवलं तरी कोर्टात तडजोड पुरसिस (तडजोडीचं लेखी निवेदन) देऊन ३२४ मधून मोकळं होता येत नाही. मग काय होतं हे तालुक्याच्या प्रत्येक कोर्टात दिसतं. फिर्यादी पिंजऱ्यात येऊन 'गर्दी होती, कोणी मारलं ते सांगता येणार नाही' म्हणतो, सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करून उलटतपास घेतात, पंचही फिरतात, आणि निकालात 'सरकार पक्ष गुन्हा शाबीत करू शकला नाही, सबब संशयाचा फायदा' असं पडतं. तुम्ही सुटता. पण भरतीच्या छाननी समितीला ही सुटका सन्मानपूर्वक वाटत नाही. साक्षीदार फितूर झाल्यामुळे किंवा संशयाच्या फायद्यानं सुटणं आणि आरोपच खोटा ठरून सुटणं यात नियुक्ती अधिकाऱ्यानं फरक केला तर चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं पोलीस भरतीच्याच प्रकरणांत एकाहून अधिक वेळा म्हटलं आहे. विशेषतः शिस्तीच्या दलांत निर्दोष सुटणं म्हणजे नेमणुकीचा हक्क नव्हे.

इथं साक्षीची नक्कल उपयोगी पडते. जखमीनं शपथेवर 'आरोपी क्र. ४ तिथं नव्हता' असं सांगितलं असेल, वैद्यकीय दाखल्यात जखम किरकोळ असेल, तुमच्यावर नेमकी कृती लादलेलीच नसेल आणि तुमचं नाव फक्त ३४ च्या आधारानं ओढलं गेलं असेल, तर समितीला लेखी निवेदनात ते परिच्छेद क्रमांकासह दाखवा. निकालपत्र तसंच जोडून दिलं की वाचणारा शेवटचं पान बघतो आणि तिथं 'संशयाचा फायदा' एवढंच असतं.

आणि फॉर्ममध्ये लपवू नका. साक्षांकन नमुन्यात (भरतीत स्वतःबद्दल भरून द्यायच्या माहितीपत्रकात) बहुतेक वेळा तीन वेगळे प्रश्न असतात: कधी अटक झाली का, कधी गुन्हा किंवा खटला दाखल झाला का, कधी शिक्षा झाली का. निर्दोष सुटलेला माणूस तिसऱ्याला 'नाही' लिहितो ते बरोबर, पण त्याच झोकात पहिल्या दोघांनाही 'नाही' लिहून बसतो. नोकरी तिथं जाते. २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी याचे निकष घालून दिले. माहिती खरी आणि पूर्ण द्यायची. खरी दिली तरी नेमणूक करायची की नाही हा विचार नियोक्ता करू शकतो. प्रकरण तरुण वयातलं, किरकोळ असेल तर लपवणंही माफ करण्याची मुभा त्याला आहे. विचारलंच नसेल तर सांगितलं नाही म्हणून काढता येत नाही. मात्र मुभा त्याची, हक्क तुमचा नाही. लिहायचं असं: 'होय. गु.र.नं. ___/२०१७, ___ पोलीस ठाणे, कलमे ___. रे.क्रि.केस नं. ___ मध्ये दि. ___ रोजी निर्दोष मुक्त. निकालाची प्रत जोडली आहे.' जागा पुरत नसेल तर 'सोबतचे पान पहावे' लिहून वेगळं पान लावा.

तुमच्या ओळखीतल्या कोणाची दुसरी केस अजून चालू असेल तर त्यानं साक्षीदार फितूर व्हायची वाट बघू नये. त्याच्यासाठी चांगला रस्ता उच्च न्यायालयातून संमतीनं गुन्हा रद्द करून घेण्याचा आहे. जुनं कलम ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. तडजोडीला न बसणारी कलमंही, वाद खाजगी स्वरूपाचा असेल आणि दोन्ही बाजू मनापासून मिटवत असतील, तर उच्च न्यायालय या अधिकारात रद्द करू शकतं, हे २०१२ च्या ग्यान सिंग निकालानं पक्कं केलं. खून, बलात्कार, दरोडा असले गुन्हे यात बसत नाहीत. खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ असेल तर जखम कुठं आहे, हत्यार काय होतं हे बघितलं जातं. सरकारी नोकराला अडवल्याचं ३५३ असेल तर फिर्यादी तलाठी किंवा हवालदार राजी झाला तरी भागत नाही, कारण वाद त्याच्या घरचा नसतो.

या कामासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली आले. सांगलीहून पन्नासच्या आसपास किलोमीटर, साताऱ्याहून सव्वाशे. सकाळी निघून संध्याकाळी घरी. फिर्यादीला हजर ठेवायचं असतं म्हणून हे अंतर महत्त्वाचं. मुंबईला दोन दिवस मोडून यायला फिर्यादी तयार नसायचा आणि मिटलेली प्रकरणं तिथंच अडायची.

याचिकेला लागतं ते: एफआयआर आणि चार्जशीटच्या प्रती, फिर्यादीचं आणि प्रत्येक जखमीचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची ओळखपत्रं, वकीलपत्र. चुकतं ते 'प्रत्येक जखमी' या शब्दावर. फिर्यादी राजी असतो, पण चार्जशीटमध्ये जखमी म्हणून त्याचा चुलतभाऊ असतो आणि त्याचं प्रतिज्ञापत्र नसतं. मग तारीख पडते. प्रतिज्ञापत्रात 'गैरसमजातून फिर्याद दिली' असलं छापील वाक्य घालण्यापेक्षा वाद काय होता, आता संबंध कसे आहेत, कोणाच्या दबावाखाली नाही, एवढं साधं लिहिलेलं बरं. कोर्ट कधी कधी काही रक्कम एखाद्या निधीत भरायला लावतं, ती तयारी ठेवा. गुन्हा रद्द झाला तरी तो आदेश ठाण्यात नेऊन पोच घ्यायचं काम उरतंच. उच्च न्यायालयाचा आदेशही सहाव्या नमुन्यात आपोआप जाऊन बसत नाही.

निर्दोष सुटल्यावर मात्र तोच एफआयआर रद्द करायला कोल्हापूरला जाण्यात हशील नाही. रद्द करायला काही उरलेलं नसतं.

आता तुमच्या प्रश्नात नसलेली पण आधी बघायला हवी अशी एक गोष्ट: यात्रेच्या त्या दिवशी तुमचं वय १८ पूर्ण होतं का? खरंखुरं 'सील' आपल्या कायद्यात असेल तर ते इथं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ सांगतं की गुन्हा केलेल्या बालकाला त्या शिक्षेमुळे कोणतीही अपात्रता येणार नाही, आणि अपिलाची मुदत किंवा नियमांत ठरवलेला काळ संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं. अपवाद एकच: १६ ते १८ वयाचा, अघोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेला. कलम ७४ त्याहून धारदार आहे. निकाली निघालेल्या प्रकरणातली बालकाची नोंद पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठीही उघड करायची नाही.

मारामारीच्या गुन्ह्यांत पोलीस अंदाजे वय '१९' लिहितात आणि मुलगा घाबरून काही बोलत नाही. प्रत्यक्षात तो साडेसतरा वर्षांचा असतो. बालक असल्याचा दावा कोणत्याही टप्प्यावर, खटला निकाली निघाल्यावरही करता येतो. कलम ९ तसं स्पष्ट सांगतं. पुरावा म्हणून आधी बोर्डाचं दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळेचा जन्मतारखेचा दाखला, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि यातलं काहीच नसेल तरच हाडांच्या चाचणीवरून वय. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एकट्यावर विसंबू नका, तो कमी पडल्याचे निकाल आहेत. वय बसत असेल तर ठाण्यातला अर्ज बाजूला ठेवा आणि आधी हा दावा लावा. बाल न्याय मंडळापुढचं प्रकरण असेल तर रेकॉर्ड नष्ट करण्याचा अर्जही मंडळाकडेच जातो.

शिक्षा झालेल्यांचं गणित वेगळं. इथं सर्वांत जास्त नुकसान लोकअदालतीच्या दिवशी होतं. जुगाराचं कलम १२, दारूबंदीचं ६५ (ई), सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, असली किरकोळ प्रकरणं 'आज मिटवून टाका, पाचशे रुपयांत विषय संपला' म्हणून पुढ्यात येतात. माणूस गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, पावती खिशात घालून घरी जातो. त्याच्या मते मिटलं. कायद्याच्या भाषेत ती दोषसिद्धी आहे. तडजोड केली तर निर्दोष, कबुली दिली तर दोषी: दोन्ही कागद एकाच दिवशी एकाच टेबलावर होतात म्हणून गफलत होते. कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध अपील फक्त शिक्षेच्या प्रमाणाबद्दल किंवा कायदेशीरपणाबद्दल करता येतं, दोषी ठरवण्याबद्दल नाही. दंड शंभर रुपयांपर्यंतच असेल तर प्रथम वर्ग कोर्टाच्या निकालावर तेही नाही. नोकरीच्या वयाच्या मुलानं पावतीवर सही करण्याआधी वकिलाला एकच प्रश्न विचारायचा: ही तडजोड आहे की कबुली?

कबुली होऊन गेलीच असेल तर परिवीक्षेचा, म्हणजे प्रोबेशनचा मार्ग बघा. अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ३ किंवा ४ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. हा आदेश अपिलात किंवा पुनरीक्षणात (रिव्हिजनमध्ये) वरचं कोर्टही देऊ शकतं, कलम ११ तसं सांगतं. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, पुनरीक्षणाची ९०. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज कारणांसह. 'माहीत नव्हतं' हे कारण सहसा पुरत नाही. 'भरतीच्या पडताळणीत अमुक तारखेला प्रथमच कळलं', सोबत त्या अहवालाची प्रत, हे निदान वाचलं जातं. कलम १२ अपात्रता काढतं, दोषसिद्धी पुसत नाही. 'कधी शिक्षा झाली का' या रकान्यात कोर्टाचा आदेश जसा आहे तसा लिहावाच लागतो.

अदखलपात्र नोंद म्हणजे गुन्ह्याचा खटला नव्हे. निवडणुकीत किंवा सणासुदीला काढलेली चॅप्टर केसही (शांतता राखण्याचं बंधपत्र घ्यायची प्रतिबंधक कारवाई) दोषसिद्धी नव्हे. १०७ च्या, आताच्या १२६ च्या, कारवाईतलं बंधपत्र जास्तीत जास्त एका वर्षाचं असतं आणि मुदत संपली की विषय संपतो. पडताळणीत ती 'गुन्हा' म्हणून आली तर हरकत घ्या. ब किंवा क समरी (इथं समरी म्हणजे चार्जशीटऐवजी गुन्हा बंद करण्याचा पोलिसांचा अहवाल) मंजूर झालेल्या गुन्ह्यात समरी मंजुरीच्या कोर्टाच्या आदेशाची नक्कल काढा. पोलिसांनी समरी पाठवली एवढ्यावर काही होत नाही, कोर्टानं मंजूर केलेली लागते.

ऊसदराच्या किंवा आरक्षणाच्या आंदोलनातले गुन्हे सरकार शासन निर्णय काढून मागे घेतं, त्यात अटी असतात. शासन निर्णय निघाला म्हणजे केस गेली असं नाही. सरकारी वकिलांनी संबंधित कोर्टात मागे घेण्याचा अर्ज द्यायचा, कोर्टानं परवानगी द्यायची, तेव्हा ती जाते. वर्तमानपत्रात बातमी आली म्हणून तारखेला जायचं सोडलेल्यांवर वॉरंट निघतं.

अटकेच्या वेळी बोटांचे ठसे, फोटो घेतले असतील तर २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याखाली ते ७५ वर्षं राहू शकतात. पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल आणि सगळे कायदेशीर मार्ग संपल्यावर तुम्ही निर्दोष ठरलात तर ते नष्ट करायचे असतात. त्याची विनंती राज्यानं नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. हा अर्ज कोणी करत नाही, पण करता येतो. मात्र हा कायदा ४ ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे, त्यामुळे २०१७ च्या गुन्ह्यात आधी काय घेतलं गेलं होतं ते ठाण्यातून काढून घ्या.

पासपोर्टचं तुलनेनं सोपं. पासपोर्ट कायद्याचं कलम ६(२)(एफ) प्रलंबित खटल्याला अडवतं, निर्दोष सुटलेल्याला नाही. खटला खरंच चालू असेल तर त्याच कोर्टाची परवानगी काढून, २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे, ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. कोर्टानं मुदत लिहिली नाही तर एकच वर्षाचा, म्हणून परवानगीच्या अर्जात किती वर्षांसाठी हवा ते मागून घ्या. तुमच्या बाबतीत पोलीस अहवाल प्रतिकूल गेला तर पुण्याच्या कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र येतं. त्याला निकालाची प्रमाणित प्रत आणि ठाण्याची पोच जोडून उत्तर द्या.

इंटरनेटवरची नोंद शेवटी. निकाल ई-कोर्ट्सवर दिसतो, बातमी कुठल्या तरी पोर्टलवर राहते. सुटलेल्या आरोपीचं नाव निकालातून झाकावं, असा आदेश मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. त्यामुळे नाव झाकण्यासाठी याचिकेवर आता पैसे घालू नका. बातमीबाबत संपादकाला निकालाची प्रत पाठवून खाली 'न्यायालयाने निर्दोष मुक्त केले' अशी ओळ टाकायला सांगा. बातमी काढा म्हटलं की नकार येतो, ओळ टाका म्हटलं की बरेच जण टाकतात.

पडताळणीचा नवीन ऑनलाइन अर्ज घाईनं टाकू नका. ठाण्याकडून नोंद अद्ययावत केल्याचं लेखी पत्र किंवा माहिती अधिकारातलं उत्तर हातात आल्यावर टाका, आणि कागद अपलोड करताना निकालपत्राचं पहिलं पान, आदेशाचं शेवटचं पान आणि ते पत्र एकाच पीडीएफमध्ये जोडा. भरतीचा फॉर्म त्याआधी भरायची वेळ आली तर थांबू नका. साक्षांकन नमुन्यात खरं लिहून पोचेची प्रत लावा.